करडीच्या पायातला पासवर्ड

कैरोतल्या आम्हा कबुतरबाजांचं संकेतस्थळ शुक्रवारी बंद पडलं. संध्याकाळी त्यावर पाखरांचा लिलाव होता आणि फुकटातला दुरुस्तीवाला मी. वायर हलवली, यंत्र बंद करून चालू केलं. पुढे पासवर्ड हवा. तो फक्त आमच्या मंडळाचे प्रमुख हाजी अरफा यांना ठाऊक, आणि ते नाईलपलीकडे. "फोनवर नको, तुझा शेजारी रुश्दी कान लावून बसतो," हाजी म्हणाले. "तुझी करडी कबुतरी माझ्याकडेच आहे, तिच्या पायाला चिठ्ठी बांधून सोडतो." करडी दिसली तोच रुश्दीने थवा उडवला आणि तिला भुलवून आपल्या गच्चीवर उतरवलं. उतरवलेलं पाखरू उतरवणाऱ्याचं, हा नियम हाजींचाच. तासाभरात संकेतस्थळ सुरू झालं. वर नव्या व्यवस्थापकाचा फोटो: रुश्दी, हातात माझी करडी. हाजींनी बहुधा चष्मा लावला नव्हता; फोटो कुणाचा ते न ओळखताच त्यांनी फोन केला, "झालं ना चालू? फोनवर सांगितला असता तर रुश्दीने ऐकला असता."