थोरल्याचा उजेड

"आजपासून या तळ्यावरचा अंधार संपला," थोरल्यानं धक्क्यावर जमलेल्यांना ऐकवलं आणि खटका दाबला.

दिवा लागलाच नाही.

"वायर राहिलीय," बायको म्हणाली.

वायर जोडल्यावर मात्र अंधार खरोखरच पळाला. नावेच्या टोकावरचा तो दिवा एवढा दांडगा होता, की पलीकडच्या काठावर कारखान्याच्या भिंतीला लावलेली 'येथे वाहने उभी करू नयेत' ही पाटी अलीकडून वाचता येई. थोरल्यानं ती मोठ्यानं वाचूनही दाखवली.

या सगळ्याच्या मुळाशी धाकटा होता. दोन सख्ख्या बहिणी, त्यांचे दोन नवरे, दोघांच्या दोन नावा आणि तळं एकच. साडू म्हणजे सासरच्यांनी आपल्याशेजारी कायमची उभी केलेली फूटपट्टी. कारखान्याची पाळी सुटली, की माणसं थोरल्याची रिकामी नाव सोडून धाकट्याच्या नावेची वाट बघत उभी राहत. "त्याच्या नावेला दिवे आहेत, भीती वाटत नाही," म्हणत. दिवे ते कसले? डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा, मागे एक पांढरा. तिन्हींचा मिळून उजेड एका काजव्यालाही पुरला नसता.

थोरल्याचा जीव महिनाभर नुसता करपला. मग त्यानं तसेच तीन दिवे घेतले, दुप्पट आकाराचे, आणि वर हा टोकावरचा.

"लाल डावीकडं, हिरवा उजवीकडं," दुकानदारानं बजावलं होतं.

"मला तळं शिकवू नका," थोरला म्हणाला.

उभा जन्म वल्ही मारण्यात गेलेला माणूस तो. मोटर आली तरी काहीही काम काढलं, की तो त्या जुन्या फळीवरच बसायचा, वल्ह्याला बसावं तसा, टोकाकडं पाठ करून. तिथं बसूनच त्यानं डावीकडं लाल लावला, उजवीकडं हिरवा. दुसऱ्या कुणाला स्क्रूसुद्धा धरू दिला नाही.

परिणाम पहिल्याच संध्याकाळी दिसला. समोरून येणारे नावाडी त्याला बघताच मोटर बंद करून जागच्या जागी थांबू लागले. हात कपाळाशी नेऊ लागले. थोरला मान तुकवून सलाम स्वीकारी. एक जण तर वाट द्यायला म्हणून थेट लव्हाळ्यात शिरला.

"याला मान म्हणतात," त्यानं घरी सांगितलं.

सलाम करत नव्हता तो एकटा धाकटा. उलट थोरल्याची नाव निघाली, की त्याची निघे. थोडी मागे, थोडी बाजूला. थोरला वळला की तोही वळे. थोरल्यानं मोटर ताणली की तोही ताणे.

"माझ्या उतारूंवर डोळा आहे त्याचा," थोरला बायकोला म्हणाला.

"तुमच्या नावेत उतारू असतात कुठं?"

हे वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी अंधार पडता पडता धक्क्याला लागल्याबरोबर थोरला नावेतच उभा राहिला. मागोमाग धाकटा आला, भरल्या नावेनिशी. उतारू उतरत होते. थोरल्याला नेमकं तेच हवं होतं.

"काय साडूभाऊ, स्वतःची वाट नाही का तुम्हाला? माझ्या उजेडात किती दिवस धंदा करणार?"

धाकट्यानं आधी नाव बांधली. मग डोळे चोळले.

"दादा, रागावू नका. तुमचा लाल उजवीकडं लागलाय आणि हिरवा डावीकडं. समोरच्याला तुम्ही येताय का जाताय तेच कळत नाही. त्यात तो मोठा दिवा डोळ्यांत. मग बिचारे हात आडवा धरून थांबतात. मी बाजूनं चालतो ते एवढ्यासाठी, की माझे दिवे बघून तरी लोकांना कळावं, तुम्ही कुठं वळणार ते."

उतारू उतरायचे थांबले.

"आणि हे आधी सांगायला तोंड नव्हतं?"

"ताईच नको म्हणाल्या. म्हणाल्या, त्यांना सांगू नका, फक्त सांभाळा."

थोरल्यानं धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकोकडं पाहिलं. ती दोराची गाठ पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघत होती. तो जुन्या फळीवर बसला. डाव्या हाताला लाल. बरोबर आहे की! मग उठला आणि टोकाकडं तोंड करून उभा राहिला. लाल उजव्या हाताला गेला होता. पुन्हा बसून पाहिलं. पुन्हा उठला. तिसऱ्यांदा मात्र बसला तो बसूनच राहिला.

धाकटा त्याच्या नावेत उतरला, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि लाल दिव्यापाशी वाकला. बराच वेळ चाचपडला.

"दादा," तो डोळ्यांवर हात धरून म्हणाला, "तेवढा मोठा दिवा जरा बंद करता का? स्क्रू दिसत नाहीयेत."