ताईंचा फॉर्म

धाकटी नर्स आली तेव्हा ताई उशीवर एका अंगाला कलून बसल्या होत्या. बाळंतपणाला तीन आठवडे झाले तरी टाके ओढत होते. उभं राहिलं की खालून सगळं गळून पडेल असं वाटायचं, म्हणून उभं राहणंही नको व्हायचं. ब्लाउज दोन्ही बाजूंनी ओला होता. सकाळपासूनचा हा तिसरा.

"ताई, काय मस्त दिसताय!" धाकटीनं बॅग खाली ठेवली.

मस्त दिसण्यासारखं काहीही नव्हतं. केसांना चार दिवस कंगवा लागला नव्हता. पण जिच्या हाताखाली काम शिकलो, तिला असं तोंडावर थोडंच सांगता येतं?

ताईंचंही काम हेच. अकरा वर्षं त्या घरोघर जाऊन बाळांची वजनं करत होत्या, आणि तिसऱ्या आठवड्यात बाळंतिणीला फॉर्मवरचे दहा प्रश्न विचारत होत्या. हसू येतं का, झोप लागते का, उगाच रडू येतं का, बाळ नकोसं वाटतं का. उत्तरांवरून ठरायचं, बाईला डॉक्टरकडे पाठवायचं की नाही. "एकही प्रश्न गाळायचा नाही," असं धाकटीला त्यांनीच दहादा बजावलं होतं.

आज त्या स्वतः बाळंतीण होत्या, आणि उजाडल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होत्या. मला हे बाळ नकोसं झालंय. कुणी विचारल्याशिवाय ते तोंडातून निघणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. नवरा विचारायचा, "दूध पुरतंय ना त्याला?" सासूबाई विचारायच्या, "झोपला का?" आई फोनवर विचारायची, "कुणावर गेलाय गं?" त्यांच्याबद्दलचे प्रश्न फक्त त्या फॉर्मवर होते.

धाकटीनं बाळाला काट्यावर ठेवलं. "चार किलो! मानलं बुवा तुम्हाला, ताई."

बाळानं टाहो फोडला. तो आवाज आला की छातीत दूध दाटून यायचं आणि कान बंद करून घ्यावेसे वाटायचे, दोन्ही एकदमच. ताईंनी त्याला घेतलं, अंगावर लावलं. चिरलेल्या जागी त्याचं तोंड लागलं तसे त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"हिला कुणी शिकवायला नको," सासूबाई दारातून कौतुकानं म्हणाल्या. "अख्ख्या वस्तीला आई व्हायला शिकवलंय आमच्या सूनबाईनं."

धाकटी हसली. ताईही हसल्या.

मग बॅगेतून फॉर्म निघाला. "आई, जरा चहा टाकता?" ताई सासूबाईंना म्हणाल्या. घरच्यांना असंच काहीतरी काम सांगून आत पाठवायचं, ही त्यांची नेहमीची युक्ती. सासूबाई आत गेल्या. ताई सावरून बसल्या.

धाकटीनं पेन काढलं आणि भराभर खुणा करायला लागली. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा.

"अगं, विचार की," ताई म्हणाल्या.

"तुम्हाला? काहीतरीच काय, ताई!" धाकटी चक्क लाजली. "तुम्हाला हे विचारायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं. मी सगळं छान लिहिते, काळजी करू नका."

"तरी पण..."

"झालंच बघा." दहावी खूण झाली. तिनं फॉर्म पुढे सरकवला.

वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं. ते तिथेच राहिलं. एका हातानं बाळाला धरून ताईंनी दुसऱ्या हातानं सही केली. इतकं एकटं त्यांना प्रसूतीच्या टेबलावरही वाटलं नव्हतं.

"ताई, एक विचारू?"

ताईंनी झटकन मान वर केली.

"मागच्या गल्लीत एक बाळंतीण आहे. दहाही प्रश्नांना 'ठीक आहे' म्हणाली. पण माझं मन काही घेत नाही. अशा वेळी काय करायचं?"

ताईंचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले नाहीत.

"तिच्याजवळ बसायचं," त्या म्हणाल्या. "पुन्हा विचारायचं. खरं उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही."

"किती जीव आहे हो तुमचा या कामात! लगेच डोळ्यांत पाणी!" धाकटीनं डायरी काढून ताईंचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग घड्याळ बघितलं, चहाला नको म्हणून आत हाक दिली, आणि ती उठली.