गव्हर्नर खुर्चीत बसेपर्यंत

संगीत अमर असतं. उस्ताद वगदींचं संगीत मात्र गव्हर्नर मोटारीतून उतरून खुर्चीत बसेपर्यंतच जगत असे. ते बसले की शिष्टाचार अधिकारी हात वर करी, बँड जिथल्या तिथे तुटे आणि भाषणं सुरू होत. नगरपालिकेच्या बँडसाठी वगदींनी ऐन तारुण्यात रचलेली ‘नाईलची पहाट’ ही संचलनाची धून शहरानं असंख्य वेळा ऐकली होती आणि एकदाही पुरी ऐकली नव्हती. गव्हर्नर मंडळी एकजात भरभर चालणारी निघाली.

पण नव्या गव्हर्नरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

रमजानातल्या सरकारी इफ्तारीला ते काठी टेकत मोटारीतून उतरले, तेव्हा वगदींनी हातातली छडी उचलली आणि नजरेनं अंतर मोजलं. समोर लांबच लांब लाल गालिचा. त्याच्या टोकाला मंडप, आणि मंडपात शहरातली बडी मंडळी हातात खजूर धरून, कालव्यापलीकडच्या तोफेकडे कान लावून बसलेली. तोफ झाली की सूर्य मावळला, रोजा सुटला. वगदींचा जीव तोफेत नव्हता. ईदनंतर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्याबरोबर बँडही. पुढच्या वर्षीपासून स्पीकर लावायचं ठरलं होतं. धून पुरी व्हायची तर आज.

“ओठांचं चामडं झालंय, उस्ताद,” क्लॅरिनेटवाला शाकिर कुरकुरला. “सूर कसला, नुसती हवा निघेल.”

“हवा तर हवा. पण शेवटपर्यंत काढ.”

“आणि साहेब धावतच सुटले तर?”

“मी गालिच्यावर आडवा पडेन.”

मागच्या रांगेत बिशारा तुबाचं अवाढव्य पितळी वेटोळं अंगाला गुंडाळून उभा होता. तो ख्रिस्ती, पण उपाशी माणसांच्या रांगेत उभं राहून पाणी प्यायचं बरं दिसत नाही म्हणून सकाळपासून तोही कोरडाच होता.

छडी खाली आली. गव्हर्नरांनी एक पाऊल टाकलं, मग काठी, मग थोडा विचार करून दुसरं पाऊल. ट्रंपेटांचा भाग झाला. दरवेळी जिथे अधिकाऱ्याचा हात वर जायचा ती जागा आली आणि गेली. अधिकाऱ्यानं गव्हर्नरांकडे पाहिलं, गव्हर्नरांनी गालिच्याकडे. आणि क्लॅरिनेटांनी तो संथ भाग धरला, जो या शहरात कुणाच्याही कानावर पडला नव्हता. शाकिरचा श्वास दोनदा तुटला. वगदींनी माफ केलं. त्यांना समोरचं नीट दिसतच नव्हतं.

आता उरली होती एक शांतता. त्या शांततेत ढोलाचा एकच ठोका, म्हणजे सूर्य उगवला. आणि त्यानंतर सगळ्या बँडनं मिळून शेवट. हा ठोका खुद्द वगदींनीही मोकळेपणानं ऐकला नव्हता. तालमी तळघरात व्हायच्या, वर कर-कचेरी, म्हणून रगबकाकांच्या ढोलावर कायम घोंगडी असे.

आज घोंगडी नव्हती.

वगदींनी मूठ आवळली. बँड गप्प झाला. चौक गप्प झाला. रगबकाकांनी आयुष्यभराचा जोर दांडीत घातला.

धडाम!

मंडपातून एका सुरात ‘बिस्मिल्लाह’ उठलं. गव्हर्नर बँडच्या बरोबर समोर, गालिच्याच्या मध्यावर थांबले. मागच्या मदतनिसानं डबी उघडली. साहेबांनी खजूर तोंडात टाकला. मग अजानची वाट बघायला कुणी थांबलं नाही.

वगदींनी छडी दणक्यात खाली आणली. काहीच वाजलं नाही. बँडचे हात खिशात गेले होते, खजूर काढायला.

“वाजवा! साहेब बसलेले नाहीत अजून! नियमानं वाजवायला पाहिजे!”

“रोजा सुटला, उस्ताद.”

“ती तोफ नव्हती, गाढवा! ढोल होता! आपला ढोल!”

रगबकाका पांढरेफटक पडले होते. सवयीनं त्यांनीही अर्धा खजूर खाल्ला होता. “मीच तो, उस्ताद. जाऊन सांगू का साहेबांना?”

“गप बसा, काका,” शाकिर चघळत दबक्या आवाजात म्हणाला. “काय सांगणार, तुमचा रोजा मी मोडला म्हणून? साहेबांनी खाल्ला ना? मग तोफच ती.”

“बरं, तोफ तर तोफ. पण वाजव रे! एवढंसंच राहिलंय, बाबा!”

शाकिरनं तोंड उघडून दाखवलं. दातांपासून टाळूपर्यंत खजूर चिकटला होता. “या तोंडानं?”

वगदी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. सगळी तोंडं हलत होती. त्यांनी छडी पुन्हा उचलली, कुणाला उद्देशून ते त्यांनाही ठाऊक नसावं.

मागून आवाज आला. पूम. पूम. पूम-पूम.

बिशारानं आपला भाग धरला होता. शेवटात तुबाच्या वाट्याला चाल नव्हतीच, नुसता ठेका होता. वगदींनी तेवढ्यावर अख्खी धून उभी केली. उजव्या हातानं ट्रंपेटांना उठवलं, डाव्यानं क्लॅरिनेटांना थोपवलं, ढोलाला डोळ्यांनी दम भरला. ट्रंपेटवाले जर्दाळूचं सरबत पीत हे पाहत होते. घामानं वगदींची कॉलर भिजली.

गव्हर्नरही क्षणभर बघत राहिले. “उपाशीपोटी होतं असं,” ते मदतनिसाला म्हणाले. “द्या त्यांना काहीतरी.”

मदतनिसानं डबी पुढे केली. वगदींनी मानेनंच नको म्हटलं. त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

शेवटचं पूम झालं. छडी हवेत तशीच राहिली. आणि कालव्यापलीकडे तोफ उडाली.

त्या दिवशी त्या चौकात रोजा बिनचूक पुरा झाला तो दोघांचाच. त्यातला एक ख्रिस्ती होता.