नालीतला पाला

धूर दिसला तसे बायकांनी हातातले खराटे तिथंच टाकले.

नागझिऱ्याच्या जंगलात सकाळपासून जाळरेषा झाडणं चाललं होतं. जाळरेषा म्हणजे झाडं तोडून मोकळा ठेवलेला लांबलचक पट्टा. त्यावर वाळकं पान नसलं, तर वणवा तिथंच अडतो. पण उन्हाळ्याच्या तोंडाला साग पानं गाळायचा थांबत नाही. कालचं झाडलेलं आज पुन्हा झाकून जातं.

वनमजूर भोजराजनं सगळ्यांना गाडीकडे पळायला सांगितलं. बायका पळाल्या. त्यांच्यामागं अल्काही पळाली आणि मध्येच थबकली. सासू आलीच नव्हती.

जाळरेषेला आडवी छेदून एक कोरडी नाली जात होती. तिच्यात पावसाळ्यानंतरचा सगळा पाला दडपून बसलेला. लीलाबाई त्या नालीत उतरून दोन्ही हातांनी पाला उपसत होती.

दिवसभर तिचं हेच चाललं होतं. बाकीच्या बायका वरवर खराटा फिरवून सावलीला बसल्या, आणि ही मुळांच्या बेचक्यांतून, खड्ड्यांतून पानं ओढत राहिली. बुढी जंगलात अंगणासारखा सडा टाकून राहिली, असं कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. अल्काला तेव्हा मान वर करवली नव्हती.

ती परत फिरली. "आई, चला. सगळ्या गेल्या."

"तू जाय. मी येतो."

"एवढ्याशा पाल्यासाठी काऊन जीव देऊन राहिल्या?"

"आग एवढ्याशातूनच जाते," लीलाबाई मान वर न करता म्हणाली.

पलीकडे बांबू होता, पार टेकडीपर्यंत, आणि सगळा वाळलेला. त्यात ठिणगी पडली तर मग ती कुणाच्यानं आवरणार नव्हती. हे अल्कालाही कळत होतं, म्हणून तर तिला जास्तच राग आला. डोळ्यांत धूर जात होता. पेटलेली पानं तडतडताना आता स्वच्छ ऐकू येत होती. म्हातारीचं मनगट धरून तिला ओढतच न्यायचं, असं ठरवून ती नालीत उतरली. वाकली, आणि तिचे हात पाल्यात गेले.

दोघी कवेत मावेल तेवढा पाला उचलून आगीच्या बाजूला फेकत राहिल्या. तळ लागला. अल्का वर चढली आणि तिनं हात पुढं केला. तरी लीलाबाईनं वाकून कडेची माती चाचपली, आणखी एक मूठ पानं काढली, आणि मगच तो हात धरला.

मग मात्र त्या धावल्या.

रस्त्यावरून आग दिसत होती. बुटकी, पण वेगानं येणारी. जाळरेषेशी येऊन ती थबकली, वाट शोधत कडेकडेनं सरकू लागली. नालीच्या तोंडाशी एकदम भडकली. नालीत नुसती माती होती. ज्वाळा तिथंच उंच झाली, वाकली, आणि हळूहळू बसत गेली.

बाजूला भोजराज मोबाइलवर साहेबांना सांगत होता, की नशीब चांगलं, वारा फिरला म्हणून आग अडली.

वारा फिरला नव्हता. अल्का त्याच्याकडे निघाली, तशी सासूनं तिला अडवलं.

"वारा कुठं फिरला, आई? तुम्ही नाली साफ केली म्हणून अडली. त्याले सांगा ना."

लीलाबाईच्या केसांत राख होती. बोटात शिरलेला काटा तिनं दातानं ओढून काढला आणि थुंकला.

"आगीले समजलं," ती म्हणाली. "आणखी कोनाले सांगाचं?"