पितळी कडं

शिंपली आडवी धरायची आणि कड्यातून सोडायची. खाली पडली तर लहान, परत नदीला. अडकली तर मोठी, घरी न्या. मोशीच्या डोहावर गेनू हेच काम करायचा, आणि कड्यापुढे त्याने सख्ख्या मामाचीही गय केली नव्हती.

कडं पितळेचं, अडीच इंची. माळावरच्या कंपनीतल्या वेल्फेअरसाहेबांनी ते स्वतःच्या हाताने आणून दिलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी नखाएवढ्या शिंपल्याही खाल्ल्या, म्हणून इंद्रायणी रिकामी झाली, असं त्यांनी देवळापुढे सगळ्यांना समजावलं. ते खोटंही नव्हतं. सगळ्यांनी खाल्ल्या होत्या. मग माना खाली घालून गावाने कडं मान्य केलं.

गेनू त्याच कंपनीत बदली कामगार होता. महिन्यातले दहा दिवस तेजाबात मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग खात्यात, बाकीचे वाट बघण्याच्या खात्यात. साहेब त्याला म्हणाले होते, "डोह भरून दाखव, तुझं पर्मनंटचं मी बघतो." पर्मनंट नसलेल्या माणसाला रंभाचा बाप मुलगी देणार नव्हता. त्यामुळे गेनूच्या लग्नाचं शिंपल्यांवर अडलं होतं.

आणि शिंपल्या वाढत नव्हत्या. पहिल्या वर्षी दिवसाला शंभर अडकायच्या. दुसऱ्या वर्षी वीस. यंदा एखादी अडकली तर लोक तिच्याकडे पाहुणी आल्यासारखे बघायचे.

चांदभाईंची चाकणला चुन्याची भट्टी होती. टरफलं न्यायला ते आठवड्याला सायकलवर येत आणि रिकामं पोतं परत नेत.

"गेनूभाऊ, तुमच्या कड्याने तर आमची भट्टी विझवली."

"कोणतरी लहान चोरतंय, चांदभाई. त्याबिगर असं व्हायचं न्हाई."

"लहान चोरून करणार काय? दात कोरणार?"

गेनूला संशय ठकुबाईचा होता. म्हातारी रोज सकाळी डोहावर यायची आणि ओलं पोतं घेऊन जायची. पोत्यात काय, विचारलं तर म्हणायची, घोंगडी धुतली. मोशीत एवढी स्वच्छ घोंगडी दुसरी नव्हती.

एकदा ती काठावर पाय चोळत बसली होती. बोटांच्या बेचक्यांत टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडली होती.

"ह्ये काय गं म्हातारे?"

"पाणी बदललंय, बाबा."

ठकुबाईला सगळंच बदललेलं वाटायचं. चहा, सून, एस्टीची वेळ. गेनूने आपल्या हातांवरचं मलम तिच्या पायांना लावलं. तशी भोकं त्याच्याही हातांना होती. कंपनीत त्यासाठी मलम फुकट मिळायचं.

शेवटी एका सकाळी त्याने चांदभाईंना साक्षीला घेतलं आणि तिच्यामागून घर गाठलं. विहिरीजवळ गुरांची दगडी डोण होती. तळाला वाळू, वर स्वच्छ पाणी, आणि वाळूत रुतलेल्या शिंपल्याच शिंपल्या.

गेनूने एकेक मोजली. चारशे बारा. चारशे एक कड्यातून खाली पडल्या. अकरा अडकल्या.

"कशाला गं चोरल्यास?"

"मोठ्या करायला."

चांदभाई हसले. गेनू हसला नाही.

"त्या अकरा हितंच मोठ्या झाल्यात," ठकुबाई म्हणाली. "दोन वरसं लागली. बाकीच्या बी व्हतील. मग अडकतील तुझ्या कड्यात. तवर थांब की."

"नियम नदीचा हाय. डोणीचा न्हाई."

"नदीत घातल्यास तर मोजायला एक बी ऱ्हायची न्हाई."

"तू हात लावला न्हाईस तर ऱ्हातील."

यावर म्हातारीने तोंडाला पदर लावला. चांदभाईंना वाटलं, लाजली.

रविवारी समारंभ झाला. साहेब आले, नारळ फुटला, फोटो निघाला. चारशे एक शिंपल्या गेनूने ओंजळी-ओंजळीने डोहात सोडल्या. अकरा मोठ्या नियमात बसत होत्या, म्हणून त्यांचा रस्सा केला. साहेबांनी दोनदा घेतला. ठकुबाई तेवढा वेळ नदीकडे पाठ करून बसली होती. तिला घाटावर यायची कायमची बंदी झाली. तिने घोंगडी झटकली आणि निघून गेली.

सोमवारी गेनूला कागद मिळाला. पर्मनंट. रंभाच्या बापाने तो उलटसुलट करून वाचला आणि पेढे आणायला माणूस धाडला.

मंगळवारी काम समजावून द्यायला बन्सीकाका आला. तो महिनाअखेरीला रिटायर होणार होता आणि गेनू त्याच्या जागेवर होता. बन्सीकाकाने त्याला प्लेटिंग खात्यामागच्या सांडपाण्याच्या हौदावरून, कुंपणाच्या फटीतून, बाभळींतून खाली नेलं. तिथे मातीतून एक नळ बाहेर आला होता आणि नळाला चाक होतं.

"सोपं काम हाय. दोनदा फिरवायचं. डब्याच्या सुट्टीत एकदा, घरी जायच्या आधी एकदा. हौद रिकामा झाला की बंद. कुणाला सांगत बसायचं न्हाई."

गेनूने खाली पाहिलं. पन्नास पावलांवर डोह होता. काठाच्या वाळूवर रविवारच्या हाराची फुलं अजून पडली होती.

"तोंड जरा गळतंय," बन्सीकाका म्हणाला. "हितं पितळी कडं व्हतं. मागं वेल्फेअरसायेब काढून घेऊन गेले, काय तरी मोजायचं म्हणून."

गेनूने खिशातलं कडं काढलं आणि नळाच्या तोंडाला लावून पाहिलं.

"बसलं?" बन्सीकाकाने विचारलं. "मग फिरव चाक."