डावीकडची खिडकी

तेरखेडा मागं पडलं, हायवेचं वळण दिसलं आणि विमान पुन्हा हवेतच थिजलं. पडदा काळा झाला. मधोमध पांढरी चौकट आली : मेमरी संपली.

"पाचव्यांदा," गायत्री म्हणाली आणि जॉयस्टिकवरचा हात काढून तिनं मांडीवर ठेवला.

येरमाळ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीत तिघं होती. मधे खुर्चीवर गायत्री. तिच्यासमोर टेबलावर ओळीनं तीन पडदे : मधल्यात विमानाच्या पुढचं दिसायचं, बाजूच्या दोन्हींत डावी-उजवी खिडकी. तिच्या डाव्या हाताला स्टुलावर तिचा बाप वैजनाथ, एसटीतला ड्रायव्हर, आज रजा टाकून बसलेला. आणि मागं उभा नंदीश, हायवेवरच्या दुकानातला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला.

"मेमरीची नवी पट्टी कालच टाकली मामा, पण उपयोग न्हाय," नंदीश म्हणाला. "हा प्रोग्राम जुना हाय. चार जीबीच्या वर घेतच न्हाय. मशीनमदी तुमी सोळा टाका, न्हायतर बत्तीस."

"म्हंजे स्टँडावर माणसं कितीबी असू द्या, गाडीला सीटं तेवढीच," वैजनाथ म्हणाला.

"तसंच. आन गर्दी नेमकी येरमाळ्यात व्हतीय."

ती गर्दी गायत्रीनंच केली होती. कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या त्या सिम्युलेटरात येरमाळ्याच्या जागी नुसतं तपकिरी रान होतं. तिनं वर्षभर गावात हिंडून फोटो काढले, एकेक भिंत, एकेक पत्रा चिकटवून गाव उभं केलं. बसस्टँड, डोंगरावरचं येडाईचं देऊळ, बाजारातले गाळे, आणि ओढ्यापलीकडं डाव्या अंगाला त्यांचं हे घर. दारातली वैजनाथची मोटारसायकलसुद्धा तिनं सोडली नव्हती.

खरं विमान चालवायचं स्वप्न दोन वर्षांखालीच संपलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, नजर कडेकडेनं मिटत जाईल. किती लवकर, ते सांगता येत नाही. तेव्हापासून वैजनाथ दर महिन्याला विचारायचा, "काय फरक?" आणि ती म्हणायची, "तसंच हाय, अप्पा." आता तिला एवढंच करायचं होतं. आपल्या गावावरून एकदा जायचं आणि धाराशिवच्या धावपट्टीवर उतरायचं.

नंदीशनं ढग काढले. रस्त्यावरच्या गाड्या काढल्या. विमान सहाव्यांदा तेरखेड्यावरून गेलं, वळणाच्या जरा पुढं सरकलं आणि बंद पडलं.

"आता गावाचे फोटोच हलके करावे लागतील," नंदीश म्हणाला. "भिंती पुसट दिसतील, पण चालंल."

"गावाला हात लावायचा न्हाय," वैजनाथ म्हणाला.

गायत्रीनं मधल्या पडद्यावरची चौकट मिटवली. मग म्हणाली, "नंदीशदादा, डावी खिडकी बंद कर. उजवीबी."

"दोन्ही? भार लई उतरंल गं. पण मग..."

"अगं, घर डावीकडं हाय!" वैजनाथ स्टुलावरून उठलाच. "वर्षभर खपलीस त्याच्यासाठी. आन आरशाबिगर गाडी हाकतं का कुणी? हे पडदे म्या लातूरहून मांडीवर घेऊन आलोय, तुला दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून."

"माहीत हाय, अप्पा."

"मग?"

तिनं मान वळवली नाही. "मला ते दिसत न्हाईत. दिवाळीपासनं."

नंदीशचा माऊसवरचा हात थांबला.

वैजनाथनं अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली होती. गाय आडवी येते ती कडेनं, पोर रस्त्यात धावतं ते कडेनं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि परवाच, जेवताना तिच्या हातानं तांब्या लवंडला तेव्हा तो खेकसला होता, "ध्यान कुठं असतं तुझं?" तिनं मुकाट्यानं फडकं आणलं होतं.

"सांगितलं का न्हाईस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही विचारताना तोंड असं करता अप्पा, की दुसरं काही बोलताच येत न्हाय."

नंदीशनं दोन्ही खिडक्या बंद केल्या. कडेचे पडदे काळे झाले.

विमान सातव्यांदा निघालं. तेरखेडा मागं पडलं. वळण आलं, तेही गेलं. समोर डोंगर उगवला, त्याच्यावर येडाईचं देऊळ, पायऱ्यांसकट. गायत्रीनं नाक किंचित वर घेतलं आणि देऊळ पोटाखाली गेलं. वैजनाथ डावीकडच्या काळ्या पडद्याकडं बघत होता. आत्ता तिथून घर गेलं असणार.

बराच वेळ रान, मग धावपट्टी. ती सरळ समोर होती. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली. विमान हळूहळू थांबलं.

"उतरलं!" गायत्री मोठ्यानं हसली. "गावावरून आलो आपण! बघितलंत का, अप्पा?"

वैजनाथनं नुसतीच मान हलवली.

"अप्पा?" तिचं हसू ओसरलं. "अप्पा, कुठं गेलात?"

तो होता तिथंच होता, तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर. नंदीशनं खाली बघितलं. वैजनाथ टेबलाला धरत पुढं आला, तिच्या गुडघ्यांपाशी उकिडवा बसला आणि मान वर करून तिच्यासमोर तोंड धरलं.

"हितंच हाय की म्या. दिसलो?"

तिनं हात पुढं केला, त्याची हनुवटी चाचपली आणि हळूच स्वतःकडं ओढली.

"आणखी थोडं मधी या, अप्पा."