वेस्टाचा दगड

वेंडेलने गार्नेटचा कण लेझरने वितळवला, पडद्यावर आकडा उमटेपर्यंत वाट पाहिली आणि मग मान डोलावली. अल्बुकर्कीच्या त्या प्रयोगशाळेत पृथ्वीवरच्या ओळखीच्या खड्याने रोजचा आकडा दिल्याखेरीज आकाशातल्या दगडाला हात लावत नसत.

"यंत्र शुद्धीवर आहे, बाई. लिहा फळ्यावर पैज."

डॉ. एर्लिंडा लुहान यांनी 'उणे चोवीस' लिहिले. खरा आकडा उणे शून्य दशांश चोवीस, पण दशांशचिन्ह त्या खोलीत कोणी लिहीत नसे, उच्चारतही नसे. ऑक्सिजनचे अणू तीन वजनांचे असतात. ते कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत, यावरून दगडाचे घराणे ठरते. पृथ्वीचा आकडा शून्य, वेस्टा या लघुग्रहाचा उणे चोवीस. कान्याडा सेकाच्या माळावर सापडलेला हा दगड वेस्टाचाच, असे एर्लिंडा तरुणपणापासून सांगत आल्या होत्या. त्या एका विधानावर त्यांची प्राध्यापकी, दोन ग्रंथ आणि पुष्कळशी वैरे उभी होती. संग्रहालयाने मात्र आजवर त्याचा एक कणही जाळू दिला नव्हता. नव्या दालनाला शास्त्रीय शिक्का हवा होता, म्हणून आता दिला होता.

शिक्का न्यायला संग्रहालयाचे संचालक हार्ग्रेव्ह जातीने आले होते. आकाशातून पडणाऱ्या गोष्टींपैकी देणग्या तेवढ्या त्यांना अचूक ओळखता येत. त्यांनी पेन घेतले आणि एर्लिंडांच्या आकड्याखाली तोच आकडा लिहिला.

"कॉपी केलीत, साहेब," वेंडेल म्हणाला.

"डॉक्टर लुहान लिहितात म्हणजे बरोबरच असणार की."

"हरलात तर सगळ्यांना बरीटो खाऊ घालायचे. हिरव्या मिरचीचे. लाल चालणार नाहीत."

संचालक हसले. विद्येचा प्रसार बहुतेक वेळा असाच होत आला आहे, हे एर्लिंडांच्या मनात आले. त्या हसल्या नाहीत.

लेझर पेटला. करडा कण लाल झाला, उसळला, काचेसारखा गोल होऊन विझला. त्यातून सुटलेला ऑक्सिजन नळ्यांतून सरकत गेला.

उणे सोळा.

"जवळ आलं ना?" संचालकांनी विचारले.

"नाही," एर्लिंडा म्हणाल्या.

वेंडेलने खुर्ची वळवली. "बाई, हा तुकडा धुतलेला नव्हता. माळावर किती शतकं पडून होता कोणास ठाऊक. गंजात पृथ्वीचा ऑक्सिजन शिरतो आणि आकडा शून्याकडे ओढला जातो."

"म्हणजे गंज!" संचालक उठलेच. "मिटलं मग. वेस्टाचा दगड, वर थोडा इथला गंज. छापायला काही हरकत नाही."

एर्लिंडांना ते वाक्य आवडले. किती आवडले, हे जाणवताच त्यांना स्वतःची शिसारी आली. अशाच वाक्यांच्या आडोशाला आयुष्य काढलेली माणसे त्यांनी परिषदांत पाहिली होती. त्यांच्या नावाने सभागृहे होती.

"धुतलेला तुकडा आहे?"

"आहे, थाळीच्या शेजारच्याच खळग्यात. आम्लात घालून गंज काढलाय. वेस्टाचा असेल तर आता चोवीसवर जाईल."

"आणि नसेल तर?" संचालकांनी विचारले.

"तर गंजाचा दोष नाही," एर्लिंडा म्हणाल्या.

"मग कशाला जाळता, डॉक्टर? चांगलं कारण हातात आहे. वेस्टाचा फोटो भिंतभर छापून झालाय. अवकाशयानाने काढलेला, किती सुंदर आहे! त्याच्यासमोर हा दगड. मुलं बघतील नि म्हणतील, हा तिथून आला."

"आला नसला तरी?"

"डॉक्टर, तुमच्याच पुस्तकात आहे ते."

एर्लिंडांनी दगडाकडे पाहिले. टेबलावर ठेवलेला, एका बाजूने करवतीने कापलेला, बटाट्याएवढा. इतकी वर्षे त्या त्याला वेस्टाविषयी विचारत आल्या होत्या. त्याच्या स्वतःविषयी त्याला कधी विचारले नव्हते.

"पेटव, वेंडेल."

या वेळी कण उसळला नाही, शांतपणे वितळला. वेंडेलने आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिला.

"सोळाच. जागचा हललेला नाही."

एर्लिंडा पडद्यापर्यंत गेल्या. ओळखीच्या सगळ्या घराण्यांच्या रेषा तिथे होत्या आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत दोन ठिपके एकमेकांवर बसले होते. त्यांचा हात आपसूक खुर्ची ओढत होता.

"वेंडेल, पृष्ठभागापासून लांबचा, आतला कण काढता येईल? अगदी मधला?"

"येईल की. बाई, तुमची पुस्तकं..."

"पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. कण काढ."

संचालक अजून उभेच होते. बोलता बोलता त्यांनी दगडावर हात टेकला होता. "मला फक्त एवढं सांगा, हा कुठला आहे? नाव सांगा. त्याचा फोटो मागवून घेतो."

"नाव नाही. आणि फोटो कशाचा मागवणार?" एर्लिंडा पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. "ज्या जगाचा हा तुकडा, ते बहुधा केव्हाच फुटून गेलंय. तुमच्या हाताखाली आहे, तेवढंच कदाचित उरलं असेल."

संचालकांनी हात हळूच उचलून घेतला.